दाताचा इम्प्लांट (कृत्रिम दाताला आधार देणारा स्क्रू) बसवण्याआधी जबड्यात हाड भरताना वरून मेम्ब्रेन कशाला घालतात? विरघळणारा चांगला की न विरघळणारा?

हिरडी भराभर वाढते, हाड मात्र सावकाश. खड्ड्यात हाडाची पूड भरून नुसते टाके घातले, तर हिरडीच्या पेशी आधी आत घुसून जागा अडवतात. मेम्ब्रेन म्हणजे त्यांना आडवा घातलेला पडदा. स्वीडनमध्ये १९८८ साली उंदरांच्या जबड्याला आरपार भोकं पाडून हे तपासलं होतं. पडदा लावलेल्या बाजूला हाड भरलं, उघड्या बाजूला मऊ पेशी शिरल्या.

बहुतेकांना कोलॅजनचा (त्वचेत-हाडांत असतं त्या प्रथिनाचा) पडदा पुरतो. कोरडा असताना जाडसर कागदासारखा, रक्ताने भिजला की हाडावर छान बसतो आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप विरघळतो. तो बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासून बनतो. कसलं बंधन पाळत असाल तर आधीच विचारा. आम्ही डॉक्टर आपणहून सांगायला विसरतो.

हाडाची उंची वाढवायची असेल तर नुसतं कोलॅजन दबतं. तिथे टायटॅनियमच्या पट्ट्या असलेला पीटीएफई वापरतात (हो, नॉनस्टिक तव्यावरचंच टेफ्लॉन). तो काढायला पुन्हा हिरडी उघडावी लागते. टाक्यांमधून पांढरं काही डोकावलं तर जिभेने चाचपत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.