ज्युनियर कॉलेज की चार वर्षांचे विद्यापीठ : पिचरच्या वडिलांचे उत्तर

तुमच्या मुलाला डिव्हिजन वनमधील, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातील, एका विद्यापीठाने शिष्यवृत्तीविना बेसबॉल संघात जागा देऊ केली आहे, टेक्सासमधलेच एक ज्युनियर कॉलेज (शाळेनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज) शुल्क, राहणे-जेवण आणि पुस्तके असा सगळा खर्च उचलायला तयार आहे, आणि तरीही ‘दोन वर्षांच्या कॉलेजात गेला तर लोक काय म्हणतील’ ही चिंता तुम्ही प्रश्नात लिहिली आहे. मुलगा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, असेल आणि त्याचे अंग अजून भरायचे असेल, तर ज्युनियर कॉलेज निवडा, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांच्या म्हणण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे.

माझा मुलगा डावखुरा पिचर आहे. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याचा चेंडू ताशी 82 मैलांच्या आसपास जात असे, आणि त्या वेगावर विद्यापीठाचा कोच फार तर डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या बाकावर, बसायला जागा देतो. त्याने ज्युनियर कॉलेजचे पत्र स्वीकारले तेव्हा माझ्या थोरल्या मेहुण्यांनी दिवाळीच्या पंगतीत, त्याच्या देखत, ‘ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही, ती मुले तिकडे जातात’ असे सुनावले. मुलगा ताटावरून उठला नाही, पण पुढे काही बोललाही नाही. ते वाक्य मी विसरलेलो नाही.

त्या कॉलेजात सामन्याआधी मुले स्वतःच माउंडवरची, म्हणजे पिचर जिथून चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरची, ताडपत्री काढत, पुढचा पाय पडून जिथे खड्डा होतो तिथे ओली माती भरत आणि ती धुमसाने ठोकून बसवत. पहिल्याच मोसमात एका सामन्यात तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी धावपटू असताना, म्हणजे धावा जाण्याचा मोठा धोका असताना, कोच माउंडवर गेले, माझ्या मुलाशी दोन शब्द बोलले आणि चेंडू त्याच्याच हातात ठेवून परत आले. त्याने दोन धावा दिल्या, पण इनिंग (फलंदाजी करणाऱ्या संघाची ती पाळी) त्यानेच संपवली. विद्यापीठाच्या संघात पहिल्या वर्षाच्या मुलाला अशा वेळी क्वचितच ठेवतात, कारण बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या सरावाच्या जागी) बावीस-तेवीस वर्षांचे पिचर तयार असतात. दोन वर्षे नियमित इनिंग मिळाल्या, वेग वाढला, आणि मग चार वर्षांच्या विद्यापीठाने त्याला स्वतःहून बोलावले.

आता तर ही गर्दी आणखी वाढली आहे. पूर्वी डिव्हिजन वनच्या बेसबॉल संघाला जास्तीत जास्त 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम मुलांमध्ये वाटता येई. 2025-26 पासून खेळाडूंना थेट मोबदला देण्याची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांना ती मर्यादा नाही, पण संघात जास्तीत जास्त 34 खेळाडू ठेवता येतात. त्यातच मेजर लीगचा ड्राफ्ट (व्यावसायिक संघांनी फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) 40 फेऱ्यांवरून 20 फेऱ्यांवर आल्याने अनेक प्रौढ खेळाडू कॉलेजातच राहतात, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे) कोचला तयार खेळाडू सहज मिळतो. अशा वेळी कात्री लागते ती शिष्यवृत्तीविना आलेल्या मुलाच्या नावाला, आणि तीही बहुधा शरद ऋतूतील सराव संपताच.

मेहुण्यांना मी त्या वेळी मेजर लीगमधला नामवंत फलंदाज ॲल्बर्ट पुजोल्स याचे उदाहरण दिले होते. कॅन्सस सिटीच्या मेपल वूड्स कम्युनिटी कॉलेजमधून 1999 मध्ये तेराव्या फेरीत निवडला गेलेला हा खेळाडू 703 होमरन मारून निवृत्त झाला. ते म्हणाले, हा अपवाद. मग ह्यूस्टनशेजारच्या सॅन जॅसिंटो कॉलेजात खेळलेले मेजर लीगचे नामवंत पिचर रॉजर क्लेमेन्स आणि अँडी पेटिट यांना काय म्हणायचे? शिवाय चार वर्षांच्या विद्यापीठात गेलेल्या खेळाडूला ड्राफ्टसाठी साधारणपणे तीन वर्षे किंवा वयाची एकविशी यांची वाट पाहावी लागते; ज्युनियर कॉलेजच्या खेळाडूला ती अट नाही. आजचा मेजर लीगमधला प्रसिद्ध फलंदाज ब्राइस हार्पर 2010 मध्ये कॉलेज ऑफ सदर्न नेवाडा या ज्युनियर कॉलेजातून थेट पहिल्या क्रमांकावर निवडला गेला तो याच वाटेने. कमी दर्जाच्या जागेतून असे होत नाही.

काही गोष्टी मात्र सांभाळा. अभ्यासाचे क्रेडिट नव्या विद्यापीठात चालणे आणि ते पदवीच्या आराखड्यात धरले जाणे यांत फरक आहे. डिव्हिजन वनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीस पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण असावा लागतो. त्यामुळे अभियांत्रिकी करायची असेल तर कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राचे विषय पहिल्या सत्रापासूनच जुळवून घ्यावे लागतील. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, तेव्हा तिथला हिशेब वेगळा. मुलाचा खरा ओढा अभ्यासाकडे असेल आणि एखादे डिव्हिजन थ्री कॉलेज (जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते) गुणांवर भरघोस मदत देत असेल, तर माझे वरचे मत बाजूला ठेवा.

सही करण्यापूर्वी ज्युनियर कॉलेजच्या कोचना विचारा की गेल्या दोन मोसमांत दुसरे वर्ष संपवलेली मुले कुठे गेली, आणि विद्यापीठाच्या कोचना विचारा की पुढच्या वर्षी किती पिचर परत येणार आहेत. दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळाले नाही, तर नातेवाइकांना न विचारता ज्युनियर कॉलेजच्या पत्रावर सही करा.