चौकटीतली संख्या

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांना हातच्याची वजाबाकी नीट जमते, शिवाय ‘बेरजेच्या उलट वजाबाकी, गुणाकाराच्या उलट भागाकार’ हेही पाठ आहे. तरी ‘□ − २८ = ४७’ असे दिले की बरीच मुले ४७ मधून २८ वजा करून १९ लिहितात. हे कसे सुधारावे?
— एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : मुलांची वजाबाकी बिनचूक आहे, चुकते ते चिन्हाचे वाचन. पहिलीपासून वजाचे चिन्ह दिसले की वजा करायचे, एवढीच सवय लागल्यामुळे ते चिन्ह आधीच घडून गेलेली गोष्ट सांगत असू शकते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून चौकट फळ्यावर मांडण्याआधी प्रसंग सांगावा. रंकाळ्याकडे जाणाऱ्या केएमटीच्या बसमधून एका थांब्यावर ९ जण उतरले आणि आत १६ उरले, तर थांबा येण्यापूर्वी बसमध्ये किती जण होते? उतरलेल्यांना पुन्हा आत बसवायचे, हे एखादे मूल आपण होऊन सांगते, आणि ते सांगून झाल्यावरच ‘□ − ९ = १६’ लिहावे. ‘उरले’ हा शब्द असूनही इथे बेरीज करावी लागते; तेव्हा ‘उरले म्हणजे वजाबाकी’ ही सर्रास दिली जाणारी युक्ती वर्गातून हद्दपार केलेली बरी.

मात्र तिच्या जागी ‘चिन्ह उलटे करा’ असा नवा नियमही देऊ नये. ‘६३ − □ = २५’ मध्ये तो लावणारे मूल ८८ लिहिते. डब्यात ६३ चिंचोके असताना त्यातून ८८ काढले कसे, एवढे विचारले की पुरते. इथे हरवली आहे ती काढलेली संख्या, सुरुवातीची नव्हे, त्यामुळे उत्तर वजाबाकीनेच मिळते. ही दोन्ही उदाहरणे शेजारी शेजारी मांडून ‘काय माहीत नाही?’ असे रोज विचारावे.

गुणाकारात एक बारकावा आहे. गुळाच्या १० किलोच्या ढेपा, म्हणजे रवे, ८ असतील तर गूळ ८० किलो. पण उलट जाताना प्रश्न दोन होतात. ८० किलोचे १० किलोप्रमाणे किती रवे पडतील, हा एक; आणि ८ सारख्या रव्यांत ८० किलो असेल तर एक रवा किती किलोचा, हा दुसरा. पहिल्यात गट मोजायचे असतात, दुसऱ्यात समान वाटणी करायची असते, आणि बहुतेक वर्गांत वाटणीवरच भर राहतो. भागाकाराचा ताळा करताना बाकी मिळवायला विसरू देऊ नये : २९ भागिले ४, भागाकार ७, बाकी १; म्हणून ७ × ४ + १ = २९.

एकापाठोपाठ दोन क्रिया असलेली उदाहरणे चौथीसाठी ठेवावीत. भास्कराचार्यांनी ११५० मधील ‘लीलावती’त विलोमविधी दिला आहे, तो हाच : शेवटी केलेली क्रिया आधी उलटवायची. संख्येची तिप्पट करून ५ मिळवल्यावर २६ आले असतील, तर आधी ५ वजा करून २१, मग ३ ने भागून ७. तिसरीत मात्र एकाच क्रियेची चौकट कधी डावीकडे, कधी मध्ये, कधी उजवीकडे ठेवून द्यावी, आणि मुलाने उत्तर लिहिण्यापूर्वी त्या मांडणीची गोष्ट तोंडी सांगावी.