मागे विंग, पण पुढचं काय?

स्पोर्ट्स कारला स्पॉयलर (डिकीच्या काठावरची पट्टी), विंग (डिकीवर पायांवर उभं केलेलं, गाडीला खाली दाबणारं पातं), स्प्लिटर (पुढच्या बंपरखालून बाहेर येणारी आडवी पाटी), स्कर्ट (दारांखालची पट्टी) वगैरे पार्ट बसवण्याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. गणितात हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली आहे आणि बल न्यूटनऐवजी किलोत दिलं आहे, म्हणजे अंदाज पटकन येतो.

प्रश्न : माझ्याकडे बीएमडब्ल्यू एम-टू आहे. डिकीवर दीड मीटर रुंदीची विंग बसवायची आहे. अधूनमधून चेन्नईच्या ट्रॅकवर जातो, एरवी समृद्धी आणि एक्स्प्रेसवे. विंगमुळे गाडी रस्त्याला किती धरून राहील? — एक वाचक, बाणेर, पुणे

उत्तर : दीड मीटर रुंद आणि २५ सेंमी खोल पातं म्हणजे ०.३७५ चौरस मीटर. लिफ्टचा गुणांक, म्हणजे पातं हवेतून किती बल मिळवतं त्याचा आकडा, १ धरू; इथे हे बल खाली दाबतं. एकपाती विंगसाठी तो ठीक आहे. मग ताशी ६० किमीला साधारण ६ किलो दाब मिळतो, १०० ला १८, १२० ला २५ आणि १६० ला ४५. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शहरात विंग ही नुसती शोभा. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे. तिथे मिळणारे २५ किलो पावणेदोन टनांच्या गाडीत जाणवतही नाहीत, पेट्रोलच्या खर्चात मात्र थोडे दिसतात. म्हणजे ही खरेदी ट्रॅकसाठीच आहे, असं मानूनच पुढे जाऊ.

पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे पुढची चाकं. विंग मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, म्हणून ती तरफेसारखी वागते. तुमच्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, सुमारे २.७५ मीटर आहे. विंग मागच्या ॲक्सलमागे ८० सेंमीवर आली, तर १६० च्या वेगाला पुढच्या चाकांवरचे १३ किलो उचलले जातात. शिवाय छताच्या उंचीवर विंगला हवेचा जो अडथळा होतो, तो गाडीला वरून मागे ओढतो. त्याचे आणखी ३ किलो. हिशेब असा झाला : मागे ६१ किलो वाढले, पुढून १६ गेले. वेगातल्या वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक बाहेरच्या बाजूला जात राहतं. मग चालक स्टिअरिंग आणखी फिरवतो, पुढच्या बाहेरच्या टायरचा खांदा तापून झिजतो आणि खापर टायरच्या कंपनीवर फुटतं.

म्हणून पुढे ५० मिमी बाहेर येणारा स्प्लिटर आणि मागे विंग, दोन्ही एकत्र बसवा. पैसे एकाच पार्टपुरते असतील तर मागचा घ्या, तोही छोटा, डिकीच्या काठावरचा. नुसता पुढचा घेणं त्याहून धोक्याचं, कारण वेगात मागचा भाग हलका झाला की गाडी फिरते. १९९८ मध्ये आलेल्या पहिल्या ऑडी टीटीला मागे स्पॉयलर नव्हता. जर्मनीत ऑटोबानवर भरधाव वेगात लेन बदलताना आणि वळताना मागचा भाग निसटून अपघात झाले, माणसं दगावली. शेवटी कंपनीने गाड्या परत बोलावून छोटासा स्पॉयलर आणि ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवलं, सस्पेन्शनही बदललं.

आता विंग कशावर बसवायची ते. डिकीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला नुसते बोल्ट मारले, तर १६० ला वर जवळजवळ सिमेंटचं अख्खं पोतं ठेवल्यासारखं होतं आणि तेही सतत थरथरणारं. आधी पत्र्याला पोचा येतो, मग बोल्टभोवती चिरा जातात. आतून प्रत्येक पायाखाली निदान १० × १० सेंमीची, ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी द्या. एम-८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आणि नायलॉकचे नट. भोकाची कड झिंक प्रायमरने रंगवून पॉलीयुरेथेन सीलंट भरा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज दिसेल. बसवल्यावर विंगवर ५० किलोचं पोतं खरोखर ठेवून बघा. पत्रा लवला तर ट्रॅकवर जाऊ नका. १९६९ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांच्या उंच विंगा शर्यत चालू असताना मोडल्या आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्यानंतर लगेच मोनॅकोत त्या उंच विंगांवर बंदी आली. तिथे तर इंजिनिअर होते.

आणखी एक बारीकसं : विंगचं वजन ६-७ किलो असलं तर डिकीचे गॅस स्ट्रट ते पेलत नाहीत. वर केलेलं झाकण डोक्यात येतं. जास्त ताकदीचे स्ट्रट त्याच ऑर्डरमध्ये मागवा.

प्रश्न : टोयोटा जीआर-८६ साठी घरीच स्प्लिटर करतो आहे. प्लायवूड चालेल का? किती बाहेर काढू आणि कशाला टांगू? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : प्लाय उत्तम चालतो. १२ मिमीचा बर्च प्लाय स्वस्त असतो, ताठ असतो आणि मोडला तर शनिवारी सकाळी दुसरा कापता येतो. महागडा कार्बन फायबरचा स्प्लिटर ट्रॅकच्या कडेच्या पहिल्याच उंचवट्यावर (कर्बवर) फुटतो, तेव्हा हा मुद्दा पटतो. दुकानांच्या पाट्यांसाठी मिळणारा ४ मिमीचा ॲल्युमिनियम कंपोझिट पत्रा मात्र नको, तो वेगात फडफडतो. प्लायला, विशेषतः कापलेल्या कडांना, इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं.

आधी पुठ्ठ्याचा साचा करा. गाडीचं नाक उचलून पुठ्ठा बंपरखाली धरा, बंपरची रेघ उतरवून घ्या आणि तिच्याबाहेर ५० मिमी सोडा. ७५ पर्यंत जाता येतं, पण पहिल्या खेपेला नको. मागे पाटी पुढच्या ॲक्सलच्या रेषेपर्यंत न्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर आणि पाटी यांत २५ मिमी जागा उरते का, ते चाकं जमिनीवर असताना तपासा; जॅकवर सस्पेन्शन लोंबतं आणि माप चुकतं. ऑइल काढायच्या बोल्टखाली उघडता येईल असं झाकण ठेवा.

टांगायचं कशाला, हा खरा प्रश्न. बंपरला कधीच नाही. बंपर म्हणजे प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेलं कातडं, स्प्लिटर त्याला सोबत घेऊन खाली येईल. मागचे दोन बिंदू सबफ्रेमवर (इंजिन-सस्पेन्शन धरणाऱ्या खालच्या चौकटीवर) घ्या, पुढचे दोन बंपरच्या आतल्या धातूच्या आडव्या बीमवरून उतरवा. पुढच्या काठाला दोन सळ्या, दोन्ही टोकांना रॉड-एंड (आट्यांवर बसणारे फिरते सांधे), म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. कसोटी सोपी आहे : काठावर माणूस उभा राहिला तरी स्प्लिटर लवता कामा नये.

स्प्लिटर चालतो तो वरच्या आणि खालच्या दाबातल्या फरकावर. बंपरसमोर हवा थबकते, तिथे दाब वाढतो. खालून ती वेगाने निघते, तिथे दाब कमी होतो. बंपर आणि पाटी यांच्यात फट राहिली तर वरची हवा खाली गळते आणि निम्मी मेहनत वाया जाते. ती फट रबराने बंद करा. जमिनीपासून ९० ते १०० मिमी अंतर ठेवा, नाक फार तर एक अंश खाली. ब्रेक मारला की नाक २५ ते ४० मिमी बसतं. अंतर आधीच कमी असेल तर खालची हवा कोंडते आणि नेमक्या ब्रेकिंगच्या वेळी पुढचा दाब नाहीसा होतो. मऊ स्प्रिंगांवर स्प्लिटर खाली आणण्याचा मोह टाळा.

पाटीमुळे इंजिनाची गरम हवा खालून निघायची वाटही अडते. पहिल्या दिवशी ऑइलच्या तापमानावर नजर ठेवा. त्याच ट्रॅकवर, तशाच हवेत ते आधीपेक्षा ८-१० अंशांनी जास्त दिसलं, तर पाटीच्या मागच्या काठाला हवा निघायला जागा करा. प्रत्येक बोल्टवर रंगाच्या पेनने रेघ मारून ठेवा. सत्र संपल्यावर रेघ तुटलेली दिसली की बोल्ट ढिला झाला.

प्रश्न : पोलो जीटीला पुढची लिप (बंपरच्या खालच्या काठावरची पट्टी) आणि साइड स्कर्ट डबल टेपने लावले. लिप गतिरोधकावर घासते, स्कर्ट जुलैत सुटून लोंबायला लागले. टेप खराब होती का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : टेपची चूक कमी, कामाची जास्त. काळं प्लॅस्टिक उन्हात तापून ६५ अंशांपर्यंत जातं आणि सकाळी २० अंशांवर असतं. १.८ मीटर लांबीचा स्कर्ट एवढ्या फरकात सहा-साडेसहा मिमी वाढतो, गाडीचा पत्रा जेमतेम एक. रोजच्या या ओढाताणीत टेपची टोकं आधी उचलतात आणि मग पावसाचं पाणी आत शिरतं. म्हणून वजन स्क्रूंवर द्या. टेप फट बुजवण्यापुरती. मधला एकच स्क्रू पक्का, बाकीच्यांसाठी १०-१२ मिमी लांबीचे खाचे, वर रुंद वॉशर. स्क्रू चाकाच्या कमानीत आणि खालच्या वेल्डिंगच्या कडेला मारा. दाराखालच्या पोकळ पेटीत भोक पाडू नका, ती आतून गंजते. जॅक लावायच्या जागाही मोकळ्या ठेवा.

टेप लावण्याआधी वॅक्स-पॉलिश पूर्ण काढायला हवं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन पुसा. बिनरंगाच्या प्लॅस्टिकवर प्रायमर लागतोच, त्याशिवाय कुठलीही टेप धरत नाही. दमट हवेत, गार पत्र्यावर काम करू नका. अंगठ्याने इंच-इंच दाबत जा आणि पुढचे तीन दिवस गाडी धुऊ नका; चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग सेंटरला प्रेशरचं पाणी मारलं की संपलं.

लिपचं म्हणाल, तर नियमातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. चाक त्याच्या सुरुवातीला असताना ८० सेंमी पुढे असलेल्या लिपखाली उंचवटा साधारण ७ सेंमी असतो. वर ब्रेकने बसलेलं नाक धरा. म्हणजे १०० मिमी अंतराची लिप नियमातल्या गतिरोधकावरून कशीबशी पार होते. गल्लीतले उंच आणि अरुंद उंचवटे कुठला नियम पाळतात? रोजच्या गाडीला १३० मिमीच्या खाली जाऊ नका आणि लिप पॉलीयुरेथेनची घ्या. ती वाकून परत येते. फायबरची तडकते, एबीएस प्लॅस्टिक या दोहोंच्या मधलं.

प्रश्न : मागच्या बंपरखाली फिन असलेला डिफ्यूझर आणि छतावर शार्कच्या परासारखे व्हॉर्टेक्स जनरेटर (हवेत छोटे भोवरे करणारे उंचवटे). उपयोग? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दिसण्यापुरता. डिफ्यूझर म्हणजे गाडीखालची हवा मागे सावकाश पसरू देणारा चढता तळ. त्याला पुढून सपाट तळावरून स्वच्छ हवा यावी लागते आणि त्याचा चढ ७ ते १० अंशांचा हवा. तुमच्या गाडीखाली सायलेन्सर, स्पेअर चाकाची खोलगट जागा आणि उघडं सस्पेन्शन आहे. तिथून येणारी हवा आधीच विस्कटलेली असते. बंपरच्या तळाशी चिकटवलेले उभे फिन ती सरळ करू शकत नाहीत. तरी बसवायचा असेल तर सायलेन्सरच्या टोकापासून ३० मिमी अंतर आणि आतून उष्णतारोधक फॉइल. नाहीतर फायबर पिवळं पडून मऊ होतं. छतावरचे पर लावूच नका.

प्रश्न : विंगचा कोन किती ठेवायचा? कोण पाच सांगतं, कोण पंधरा. — एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : पंधरा सांगणाऱ्याने फक्त विंगकडे पाहिलं, हवेकडे नाही. कूपेच्या छतावरून येणारी हवा मागे खाली झुकलेली असते. तुम्ही जमिनीशी ५ अंश मोजले, तर पात्याच्या मध्याला ते ११-१२ सुद्धा असू शकतात, टोकांना मात्र ५-६ च. साधं पातं १२ ते १५ अंशांच्या पुढे खालच्या बाजूने हवा सोडून देतं. मग दाब घटतो आणि अडथळा वाढतो. शून्यापासून सुरू करा आणि दर खेपेला दोनच अंश वाढवा.

पाहायची युक्ती जुनी आहे. लोकरीचे १० सेंमीचे तुकडे पात्याच्या खालच्या बाजूला, दर १५ सेंमीवर, टेपने लावा. ट्रॅकवर शेजारच्या गाडीतून, चालकाने नव्हे तर दुसऱ्याने, ८० च्या वेगाला चित्रीकरण करा. धागे सरळ मागे ताणलेले असतील तर हवा चिकटून आहे. मधले धागे गोल फिरू लागले की कोन जास्त झाला, दोन अंश मागे या. वरच्या बाजूचे धागे काही सांगत नाहीत, ते नेहमीच सरळ दिसतात.

कोन न वाढवता थोडा दाब वाढवायचा तर मागच्या काठावर, वरच्या बाजूला, ५ मिमी उंचीची एल आकाराची ॲल्युमिनियम पट्टी काटकोनात लावा. डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये शर्यतीच्या गाडीवर लावलेली ही पट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २५ सेंमीच्या पात्याला ५ मिमी पुरे.

प्रश्न : आरटीओ आणि विमा? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची नोंद विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२ए नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतला स्पॉयलर सगळ्यांत सुरक्षित. टोकदार स्प्लिटर आणि बंपरवरचे कॅनार्ड (कोपऱ्यांवरची छोटी पाती) रस्त्यावर नकोतच. बुल-बारविरुद्ध (बंपरपुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध) कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं, त्यामागेही पादचाऱ्यांची इजा आणि एअरबॅगच्या कामात येणारा अडथळा हीच कारणं होती. ट्रॅकचे पार्ट पिनवर बसतील असे करा आणि गाडी ट्रॅकवर पोचल्यावर लावा.

विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवा आणि पार्टची किंमत पॉलिसीत ॲक्सेसरी म्हणून चढवून घ्या, बिलासकट. न कळवलेल्या बदलावर क्लेम अडकतो. पुढचा बंपर बदलताना त्यातले पार्किंग सेन्सर, रडार आणि अपघाताचे सेन्सर मूळ जागी, मूळ कोनातच यायला हवेत. सेन्सरच्या तोंडावर जाड रंग चालत नाही. नंबरप्लेट झाकली जाता कामा नये. आणि काढलेला मूळ बंपर क्लिपांसकट माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा आरटीओत हजर करताना तोच लागतो, आणि नवा घ्यायचा तर रंगासकट बराच महाग पडतो.