गप्पींच्या शेपट्या कोण कुरतडतंय?

प्रश्न : २० लिटरच्या टाकीत माझ्याकडे ३ गप्पी आणि १ पी पफर (गोड्या पाण्यातला चिमुकला मासा) आहे. पफर कोरडे दाणे तोंडात घेऊन थुंकून टाकतो. गप्पींच्या शेपट्या कुरतडल्यासारख्या दिसतात. काय चुकतंय?

उत्तर : आधी गप्पी वेगळ्या करा, आजच. जेमतेम अडीच सेंटिमीटरचा हा पफर पक्का शिकारी आहे आणि लांब, संथ हलणारी शेपटी दिसली की तो तोडणारच. त्यात त्याचा दोष नाही.

दाणे तो बहुधा खाणार नाही. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या), डॅफ्निया (पाण्यातले बारीक कीटकासारखे जीव) आणि मुख्य म्हणजे छोट्या गोगलगायी द्या. माझा पफर आधी गोगलगायीसमोर थबकतो, दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत तिला न्याहाळतो आणि ती शंखाबाहेर आली की झडप घालतो. हे पाहताना मी आजही हातातलं काम विसरते! मी गोगलगायी वेगळ्या बरणीत वाढवते, म्हणजे खाऊ कधी संपत नाही.

उरलेलं अन्न लगेच काढा. ते कुजून पाण्यात तयार होणारा अमोनिया या माशाला अजिबात सोसत नाही. २० लिटरमध्ये एकच पफर ठेवा. पाणवनस्पती मात्र दाट हव्यात, मोकळ्या टाकीत तो काचेलगत वरखाली येरझाऱ्या घालत राहतो.

आणि दुकानात हिरव्या ठिपक्यांचा पफर ‘गोड्या पाण्यातला’ म्हणून दाखवला तर घेऊ नका. तो १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला खारं पाणी लागतं.