ट्यूब नको, माणसं जमवा

ताई, पोहणं शिकवायला नगरपालिकेचा तलाव आठवड्यातून एक तास मिळालाय, दिव्यांग मुलं १२ आहेत आणि स्वयंसेवक ६. प्रत्येकाला ट्यूब घेऊन दिली तर सगळ्यांना एकदम उतरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे, ट्यूबांवर पैसे घालू नका. वीस-वीस मिनिटांच्या तीन तुकड्या करा. एका वेळी पाण्यात पाचपर्यंतच मुलं, प्रत्येकाबरोबर एक माणूस. सहावा काठावर उभा राहून फक्त लक्ष ठेवेल. तलावाचा जीवरक्षक हवाच, तो यात धरू नका.

लंडनच्या हॅलिविक या अपंग मुलींच्या शाळेत जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून अशीच पद्धत बसवली: एकास एक, आणि तरंगायला कुठलंही साधन नाही. एक पाय नसलेलं किंवा एक बाजू लुळी असलेलं मूल पाण्यावर आडवं झालं की एका अंगावर कलंडतं. ट्यूब त्याला धरून ठेवते, पण सावरायला शिकवत नाही. काढली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर ट्यूबसकट पालथं झालं तर त्याला स्वतःहून उलटताही येत नाही. माणसाच्या हाताचा आधार मात्र हळूहळू कमी करता येतो. मान विरुद्ध बाजूला वळवली की कलंडणं थांबतं, हे मुलाला मग स्वतःलाच उमगतं.

सुरुवातीला हातपाय मारायला लावूच नका. तोंड पाण्याजवळ आलं की फुंकर मारायची, एवढी सवय आधी. मग पाठीवर तरंगताना गुडघे पोटाशी घेऊन, डोकं पुढे आणून बसतं होणं. स्वयंसेवकाने खांदे पाण्यात ठेवून मुलाच्या नजरेसमोर राहावं, आणि शक्यतो दर वेळी तोच माणूस असावा.

गार पाण्यात सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसलेल्या) मुलांचे स्नायू आखडतात, म्हणून थंडीत सकाळऐवजी दुपारची वेळ मागून घ्या. पायांना संवेदना नसलेल्यांना मोजे घाला, फरशीने सोललेलं त्यांना कळत नाही. फिट येणाऱ्या मुलांची माहिती काठावरच्या माणसाला आधीच द्या.

पालकांना मुरलीकांत पेटकरांबद्दल जरूर सांगा. सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. पण स्पर्धेचा विषय इतक्यात नको, मुलांवर दडपण येतं.

कॉलेजची मुलं परीक्षा आली की गळतात. त्यापेक्षा तलावावर रोज येणाऱ्या निवृत्त मंडळींना विचारा. महिलांच्या बॅचलाही भेटा; मोठ्या मुलींबरोबर पाण्यात आणि कपडे बदलायच्या खोलीत बाईमाणूसच हवं.