‘अनाथ’ म्हणजे आईबाप नसलेला नव्हे

एका शिक्षिकेने विचारले आहे की, शाळेच्या वार्षिक अहवालात जवळच्या संस्थेतून येणाऱ्या मुलांचा उल्लेख ‘अनाथाश्रमातील’, ‘बालगृहातील’ की ‘बालसुधारगृहातील विद्यार्थी’ असा करावा. त्यांतील बहुतेकांची आई हयात आहे.

‘बालगृहातील’ असे लिहावे. ‘बालसुधारगृह’ मुळीच लिहू नये. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या बालकाला चौकशीच्या काळात निरीक्षणगृहात ठेवता येते, पुढे बाल न्याय मंडळाने तसा आदेश दिला तर विशेष गृहात पाठवता येते. बालगृह मात्र काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी असते. बातम्यांमध्ये या तिन्हींना सर्रास ‘बालसुधारगृह’ म्हटले जाते, आणि ज्याची आई आजारी आहे एवढाच ज्याचा दोष, त्या मुलाच्या कपाळी ‘सुधारण्याजोगा’ असा शिक्का बसतो. हा निष्काळजीपणा वाचून मला दर वेळी संताप येतो.

आता ‘अनाथ’. शालेय कोश ‘आईबाप नसलेला’ एवढे सांगून थांबतात, पण या शब्दात आई नाही आणि बापही नाही. त्यात आहे तो ‘नाथ’. ‘नाथ’ म्हणजे स्वामी, हे सर्वांना ठाऊक आहे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, मात्र ‘नाथ्’ या धातूचे चार अर्थ दिले आहेत: याच्ञा (मागणे), उपताप (पीडा), ऐश्वर्य आणि आशीर्वाद. मागणे आणि ऐश्वर्य एकाच धातूत नांदतात, ही मला या शब्दाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगारात सर्वस्व घालवलेला माणूस म्हणतो की सासू द्वेष करते, बायको दूर लोटते, आणि ‘नाथिता’ला दया करणारा कोणी भेटत नाही. तेथे ‘नाथित’ म्हणजे याचना करणारा, गांजलेला. अथर्ववेदात ‘नाथ’ हा नपुंसकलिंगी शब्द आश्रय, साहाय्य या अर्थाने येतो. म्हणून ‘स्वामी’ हा अर्थ मूळचा आणि ‘आश्रय’ हा त्यातून निघालेला, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही. क्रम नेमका उलटा आहे. माझ्या मते ज्याच्यापाशी हक्काने मागता येते तो नाथ, आणि ज्याला मागायला कोणाचेही दार नाही तो अनाथ.

जुना वापर याला दुजोरा देतो. कौटिल्याने राजाने कोणाकोणाचे पोषण करावे हे सांगताना बाल, वृद्ध आणि अनाथ यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. अनाथ म्हणजे केवळ पोरके मूल असते, तर ही वेगळी नोंद त्याला करावी लागली नसती. बुद्धांना जेतवन देणारा श्रावस्तीचा श्रेष्ठी सुदत्त अनाथपिंडिक म्हणून ओळखला जातो, कारण तो निराश्रितांना अन्न देत असे, मग त्यांचे वय काहीही असो. आणि धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो मुख्यतः विधवांसाठी. त्यांच्यापैकी कितीतरी जणींचे आईवडील जिवंत असत. गेलेला असे तो नवरा, म्हणजे तत्कालीन समाजाच्या भाषेत ‘नाथ’. आज त्या आश्रमाचा इतिहास सांगताना काही जण तो आईबाप नसलेल्या मुलींचा होता असे समजून चालतात, ते आजचा अर्थ मागे नेऊन लादल्यामुळेच.

त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी जे गृह काढले, त्याच्या नावात ‘अनाथ’ नव्हते. ते बालहत्या प्रतिबंधक गृह होते, कारण तेथील अर्भकांच्या माता हयात होत्या आणि प्रश्न त्या अर्भकांना जगू देण्याचा होता. इतके नेमके नाव नंतरच्या फार थोड्या संस्थांना मिळाले. उलट, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाने पुढे नावातून ‘अनाथ’ गाळले आणि ते पुणे विद्यार्थी गृह झाले. तोवर या शब्दाला दयेचा वास चिकटला होता.

‘अनाथ’ हा शब्दच अपमानकारक असल्याने तो कायमचा टाकावा, असे म्हणणाऱ्यांचेही मला पटत नाही. २०१५ च्या अधिनियमात केवळ आईवडील व कायदेशीर पालक नसलेले मूलच नव्हे, तर ज्याचा कायदेशीर पालक त्याचा सांभाळ करण्यास राजी किंवा समर्थ नाही असे मूलही अनाथ ठरते. विधिमसुदा लिहिणाऱ्यांनी अक्षसूक्त वाचले असेल असे नाही, तरीही त्यांची व्याख्या शालेय कोशांपेक्षा मूळ धातूच्या अधिक जवळ गेली आहे.

आईबाप गेलेल्या मुलासाठी मराठीत ‘पोरका’ हा स्वतंत्र शब्द आहे, आणि त्याचे व्याकरणही वेगळे आहे. ‘तो आईला पोरका झाला’ असे आपण म्हणतो. ‘आईला अनाथ झाला’ असे कोणी म्हणत नाही. पोरका कोणाला, हे सांगता येते, कारण त्यात विशिष्ट माणूस गेलेला असतो. अनाथाच्या बाबतीत आसराच नसतो, त्यामुळे विभक्ती लावायला कोणी उरत नाही.

प्रश्नातील मुलांपैकी काही वडिलांना पोरकी असतील. कायद्याने त्यांना अनाथ ठरवायचे की नाही, हे बाल कल्याण समितीने पाहायचे आहे. शाळेच्या अहवालात तो निर्णय परस्पर देऊ नये.