'डिझरेली गिअर्स' या अल्बममध्ये ब्लूज उरला आहे का?

क्रीम या ब्रिटिश रॉक बँडच्या पहिल्या अल्बमात ('फ्रेश क्रीम') निम्मी गाणी जुन्या ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताची होती, दुसऱ्यात ('डिझरेली गिअर्स') बहुतांश स्वतःची आहेत, मग त्याला ब्लूज रॉक का म्हणायचे आणि आधी कोणता अल्बम ऐकावा, असे आपण विचारले आहे. ब्लूज त्यात उरला आहे, असे पहिल्या भागाचे उत्तर मी ठामपणे देतो, कारण याच मुद्द्यावरून आमचा बँड मोडला.

पुण्यात कॉलेजात असताना मी बेस वाजवत असे. आमचा गिटारवादक वयाने आणि तयारीने मोठा होता, आणि मडी वॉटर्स किंवा हाउलिन वुल्फ या जुन्या ब्लूज गायकांच्या बाहेर पाऊल टाकणे त्याला मान्य नव्हते. मी बांधलेले गाणे त्याने अर्धेच ऐकले आणि "हे ब्लूज नाही" एवढे बोलून गिटार बाजूला ठेवली. त्यावर मी त्याला याच अल्बममधले 'सनशाइन ऑफ युअर लव्ह' ऐकवले आणि बार (तालाची आवर्तने) मोजून दाखवले: रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, आठ बार डी या स्वरावर चालतो, चार बार जसाच्या तसा जीवर सरकतो, चार बार पुन्हा डीवर येतो आणि शेवटच्या आठ बारांत ए, सी, जी येतात. ब्लूजची बारा बारची नेहमीची चौकट इथे दुप्पट लांब केली आहे, एवढेच! तरीही त्याने मानले नाही.

१९६७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. त्यातले 'स्ट्रेंज ब्रू' हे मुळात 'लॉडी मामा' या जुन्या ब्लूजचे मुद्रण होते. निर्माते फेलिक्स पॅपालार्डी आणि त्यांची पत्नी गेल कॉलिन्स यांनी वाद्यांचा ट्रॅक तसाच ठेवून त्यावर नवे शब्द आणि नवी चाल बसवली, आणि क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याच्या सोलोमध्ये ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगची छाप तर लपतच नाही. परंपरा पुढे जाते ती अशीच, आणि केवळ जुनी गाणी घोटणाऱ्याला तिचा राखणदार मानणे मला साफ चुकीचे वाटते.

'वर्ल्ड ऑफ पेन' किंवा 'वुई आर गोइंग राँग' ही गाणी मात्र ब्लूजच्या चौकटीत बसत नाहीत, आणि 'ब्लू कंडिशन' मला दुबळे वाटते. तरीही आधी हाच अल्बम ऐका; 'फ्रेश क्रीम' नंतर ऐकले तरी चालेल.

आपला स्वतःचा बँड असेल तर स्वतःची गाणी जरूर बांधा, आणि कोणी आमच्या गिटारवादकासारखा हट्ट धरला, तर त्याला 'आउटसाइड वुमन ब्लूज' आणि क्रीमचा गायक आणि बेसवादक जॅक ब्रूस याच्या माउथ ऑर्गनचे 'टेक इट बॅक' ही दोन्ही गाणी नावे न सांगता ऐकवा आणि त्यांतले जुने कोणते ते ओळखायला सांगा.